जहाजावर बायकांची सोय



गेल्या वर्षी देऊळघाटच्या बचत गटाची बैठक आटोपल्यावर एक बाई मागे थांबली. तिची मुलगी प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झालेली. समुद्रतळावरच्या जीवांची पाहणी करणाऱ्या मोहिमेवर तिची निवड झाली होती. तीस दिवस समुद्रावर राहायचं. आईला कौतुक होतं, पण घरात एकच प्रश्न गाजत होता. "ताई, जहाजावर पोरीबाळीची सोय काय असन?"

देऊळघाटहून समुद्र कितीतरी दूर. मी स्वतः अशा जहाजावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. पण 'सोय' हा शब्द माझ्या चांगला ओळखीचा आहे. समाजकार्याची पदवी घेऊन पहिल्या नोकरीला लागले, तेव्हा मुक्कामाच्या पाहणीतून मला वगळलं होतं. कारण हेच: बाईमाणसाच्या राहण्याची सोय नाही. सोय करावी, असं मात्र कुणाला सुचलं नाही.

समुद्रविज्ञानातही हेच झालं. 1766 साली फ्रान्सच्या जगप्रदक्षिणेच्या मोहिमेत झान बारे ही वनस्पतींची जाणकार बाई पुरुषाच्या वेशात जहाजावर चढली, कारण बाईला परवानगीच नव्हती. अमेरिकेत मारी थार्प यांनी पुरुष सहकाऱ्यांनी आणलेल्या खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढला. तळाला लांबच लांब खचदरी आहे, हे त्यांनी 1950 नंतरच्या वर्षांत ओळखलं, तेव्हा सहकाऱ्यानं आधी ती बायकी बडबड ठरवली. संशोधन जहाजावर त्यांना जायला मिळालं ते 1968 साली. आपल्याकडे अंटार्क्टिकाच्या पहिल्या दोन मोहिमांत एकही बाई नव्हती. 1983 च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या.

आमची मुलगीही गेली. परत आल्यावर तिनं गटापुढे सगळं सांगितलं. पहिले तीन दिवस नुसत्या ओकाऱ्या. मग पाळी लागली: पहाटे चार ते आठ आणि दुपारी चार ते आठ. पोलादी पेटी तारेनं तळापर्यंत सोडायची. खोल पाण्यात तिला खाली जाऊन वर यायला काही तास लागतात. वर आलेला गाळ बारीक चाळणीतून समुद्राच्याच पाण्यानं हळूहळू धुवायचा. चाळणीवर उरलेले किडे, शिंपले बाटलीत भरून चिठ्ठी लावायची. "म्हणजे दाणे चाळल्यासारखंच," एक आजी म्हणाल्या. मुलगी हसली, "हो आजी, फक्त जहाज हलत असतं."

बायका चारच. त्यांना स्वतंत्र खोली होती, न्हाणीघरही होतं. पॅड समुद्रात टाकता येत नाहीत, म्हणून पिशवीत बांधून परत आणले. अडचण निघाली ती दुसरीच. "तू चिठ्ठ्या लिही, ओझं आम्ही उचलतो," असं वरिष्ठ मायेनं म्हणायचे. अख्खा आठवडा ती नुसत्या चिठ्ठ्या लिहीत होती. दुसऱ्या आठवड्यात तिनं वही एका मुलाच्या हातात दिली आणि स्वतः पेटीजवळ उभी राहिली.

हे काम आपल्या जगण्यापासून लांबचं नाही. विजयदुर्गासमोर, किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखली जाणारी 'आंग्रिया बँक' ही पाण्याखालची प्रवाळांची जागा आहे. अशा ठिकाणी मासे वाढतात. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना किंवा खाणकामाला कुठे मज्जाव करायचा, हे अशा पाहण्यांवरून ठरू शकतं. त्यावर मासळी विकणाऱ्या बाईची टोपली अवलंबून आहे. मग पाहणीत बाई नको का?

गटातल्या एका मैत्रिणीनं शेवटी विचारलं, "कुणी अंगचटीला आलं असतं तर?" मुलगी गप्प झाली. तक्रार समिती किनाऱ्यावर होती आणि जहाजावर कुणाला सांगायचं, हे निघताना कुणी सांगितलं नव्हतं. 1997 च्या विशाखा निकालानंतर 2013 मध्ये कायदा झाला. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकानं पुरवलेलं वाहनही त्यात कामाचं ठिकाण मानलं आहे. म्हणजे जहाजही आलंच. पण जिथून महिनाभर उतरता येत नाही, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच शेजारी जेवायला बसतो, तिथे कायद्याचं पुस्तक किनाऱ्यावर ठेवून भागत नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. जहाज सुटण्यापूर्वी शास्त्रज्ञ, खलाशी, स्वयंपाकी सगळ्यांना समितीची माहिती द्या. तक्रार ऐकणारी जबाबदार व्यक्ती जहाजावर नेमा, शक्यतो बाई. कप्तानाच्या परवानगीशिवाय किनाऱ्याशी बोलता येईल असा फोन ठेवा. आणि कुठल्याही मोहिमेवर एकटी बाई पाठवू नका, पण त्या नावाखाली तिला वगळूही नका.

मुलगी पुढच्या मोहिमेसाठी अर्ज करते आहे. या वेळी सोयीचे प्रश्न तिनं आणि तिच्या आईनं मिळून कागदावर लिहिलेत. ते अर्जासोबत जातील.

तुमच्या भागात 'सोय नाही' म्हणून बायकांना कोणती कामं नाकारली जातात? जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात ती यादी छापू.