गल्ल्यातले पैसे कोणाचे?

छोट्या हॉटेलवाल्याने हिशेबासाठी कॉम्प्युटर घ्यावा का, असा प्रश्न हल्ली मला अधूनमधून विचारला जातो. मराठी आणि इतिहास शिकवण्यात हयात घालवलेल्या बाईला हे कशाला विचारतात, असं तुम्हाला वाटेल. पण पंचवटीत इतकी वर्षं शिकवल्यावर मालेगाव स्टँडपासून तपोवनापर्यंत कुठल्या ना कुठल्या गल्ल्यामागे आपला एखादा विद्यार्थी बसलेला असतोच. मिसळ समोर येते आणि पाठोपाठ, "बाई, जरा एक विचारायचं होतं."

असाच एकजण. आठ टेबलांचं हॉटेल चालवतो. त्याला कुणा विक्रेत्याने बिलाचं यंत्र, स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा प्रिंटर आणि मोबाइलवर दिसणारे रंगीत आलेख दाखवले होते. स्वारी हरखून गेली होती. मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. गेल्या महिन्यात तुला किती सुटले? मिसळीची एक प्लेट तुला केवढ्याला पडते? आणि आज रात्री तू सगळ्यांचं मिळून किती देणं लागतोस? तिन्हींचं उत्तर एकच आलं, "गल्ला चांगला भरतो, बाई."

माझं मत इथूनच सुरू होतं. यंत्र दुकानातून आणता येतं, हिशेबाची व्यवस्था आणता येत नाही. रोज रात्री मालकाला कोणत्या प्रश्नांची उत्तरं हवी आहेत, आणि ती मिळावीत म्हणून कोणी, कधी, काय लिहायचं, हे ठरवणं म्हणजे व्यवस्था. ती आधी कागदावर ठरली तर यंत्र सोन्यासारखं काम करतं. नाही ठरली तर गोंधळ तोच राहतो, फक्त छापून मिळतो.

आणि हे आपल्याकडे काही नवीन नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात रोजकीर्दी आहेत, तेरजा आहेत. रोजकीर्दीत आजचा व्यवहार आजच लिहायचा. खतावणीत तो ज्याच्या नावचा त्याच्या खात्यावर न्यायचा. तेरीज म्हणजे सगळ्याचा गोषवारा, जो पाहून कारभाऱ्याने निर्णय घ्यायचा. आजची टॅली घ्या किंवा आणखी कुठलं सॉफ्टवेअर घ्या, खतावणी आणि तेरीज ते क्षणात करून देतं. रोजकीर्द मात्र माणसालाच लिहावी लागते. तीच अर्धवट असेल तर पुढचं सगळं अर्धवट. लक्ष्मीपूजनाला वहीला हळदकुंकू वाहणारे आपण, वर्षभर ती उघडतो किती, हा खरा प्रश्न आहे.

आता गल्ल्याकडे येऊ. पूर्वी गल्ल्याला एकच तोंड होतं. रात्री नोटा मोजल्या, चिल्लर मोजली की झालं. २०१६ साली यूपीआय आलं आणि काही वर्षांत वडापावच्या गाडीवरसुद्धा पैसे आल्याचं सांगणारा डबा बोलू लागला. आज गल्ल्याला चार तोंडं आहेत. रोख, यूपीआय, कार्ड आणि स्विगी-झोमॅटोकडून कमिशन कापून मागाहून येणारे पैसे. त्याशिवाय नेहमीच्या गिऱ्हाइकांची उधारी आहेच. त्यातही एक क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा आणि दुसरा मुलाच्या, असा प्रकार मी पाहिला आहे. मग महिन्याखेरीला कोणाचं काय, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून पहिला नियम असा की धंद्याचं बँक खातं एकच आणि ते घरच्या खात्यापासून वेगळं. दुसरा नियम, रोज रात्री एक बेरीज. दिवसभराच्या बिलांची रक्कम एका बाजूला. दुसऱ्या बाजूला रोख, यूपीआय, कार्ड, ॲपकडून येणं आणि उधारी. रोख मोजताना सकाळी सुट्ट्यांसाठी ठेवलेले पैसे वजा करायचे आणि गल्ल्यातून दिवसभरात दूधवाल्याला, बर्फवाल्याला दिलेले मिळवायचे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर फरक तसाच लिहायचा. फरक लपवण्यासाठी आकडा बदलायचा नाही. गणितात उत्तर चुकलेलं चालतं, पण पाठीमागचं उत्तर बघून रीत बनवणं चालत नाही. तसंच हे.

कराचाही एक रकाना हवा. नोंदणी असलेल्या साध्या हॉटेलला १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी आहे, पण तेल-फरसाण घेताना भरलेला कर त्यातून वजा मिळत नाही. म्हणजे तो कर आपल्या खर्चातच धरावा लागतो. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांना कंपोझिशनची वाट आहे. त्यात कागदपत्रं कमी, मात्र ५ टक्के आपल्या खिशातून भरायचे, गिऱ्हाइकाच्या बिलात लावायचे नाहीत. १ जानेवारी २०२२ पासून स्विगी-झोमॅटोवरून गेलेल्या जेवणाचा कर त्या कंपन्या भरतात, म्हणून ती विक्री वेगळी लिहायची. बाकी तपशील सीएला विचारावा. पण गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर गल्ल्यात पडला म्हणून तो आपला होत नाही, एवढं समजायला सीए लागत नाही.

आता प्लेटचा भाव. विद्यार्थ्याला समोर बसवून आम्ही पाठकोऱ्या कागदावर एक मिसळ मांडली. समजा ८० रुपये प्लेट. मटकी, फरसाण, तेल-मसाला, कांदा-लिंबू, पाव, दही, पापड मिळून ३२. गॅस ५. कामगारांचा पगार दिवसाच्या प्लेटींवर वाटला तर १५. भाडं आणि वीज १२. एकूण ६४, उरले १६. आता हीच प्लेट ॲपवरून गेली आणि समजा चौथा हिस्सा कमिशन गेलं, तर २० रुपये कापले जाणार. १६ मधून २० वजा, म्हणजे ४ रुपये तोटा, वर पार्सलचा डबा आहेच!

त्याचा चेहरा पडला. पण गोष्ट इथे संपत नाही. भाडं आणि पगार टेबलं रिकामी असली तरी द्यावेच लागतात. दुपारी चारला हॉटेल ओस पडलेलं असताना एक पार्सल गेलं, तर ८० मधून कमिशनचे २०, मालाचे ३२, गॅसचे ५ आणि डब्याचे ६ जाऊन १७ रुपये भाड्या-पगाराला हातभार लावतात. रविवारी सकाळी बाहेर लोक रांगेत उभे असताना तेच पार्सल मात्र टेबलावरच्या गिऱ्हाइकाची जागा खातं. एकाच प्लेटची दोन खरी उत्तरं. कोणतं कधी वापरायचं हे यंत्र सांगत नाही, ते मालकाला कळावं लागतं. आणि ते कळायचं तर विक्री नुसती दिवसाची लिहून भागत नाही, वेळेप्रमाणे आणि वाटेप्रमाणे लिहावी लागते. व्यवस्था आधी ठरवायची ती अशासाठी.

हा भाव एकदा काढून फ्रेम करून लावण्यातला नाही. आपली बाजार समिती इथेच, पंचवटीत, तरी भाव आपलं ऐकत नाहीत. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली. मॅकडोनाल्डसारख्या कंपनीने उत्तर आणि पूर्व भारतातल्या बऱ्याच दुकानांतून तो काही काळ वगळला होता. त्यानंतर दोनेक महिन्यांत आपल्या जिल्ह्यातले शेतकरी भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतत होते. तेव्हा मुख्य आठ-दहा जिनसांचे भाव दर आठवड्याला आणि गॅसचा दर महिन्याला तपासावा. आणखी एक बारीक गोष्ट. हल्लीच्या चकचकीत पावत्या काही महिन्यांत पुसट होतात. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

आता ज्या रकान्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येते.

त्या १५ रुपये पगारात कोण होतं? आचारी, दोन पोरं आणि भांडी घासणाऱ्या मावशी. पहाटे उठून मटकी निवडणारी, घरी मसाला भाजून देणारी त्याची बायको त्यात नव्हती. संध्याकाळी गल्ल्यावर बसणारी आईही नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "ती घरचीच आहेत ना, बाई." घरचीच आहेत, म्हणून तर विचारते! त्यांच्या जागी उद्या माणसं ठेवावी लागली तर किती द्यावे लागतील, ते मांडलं. प्लेटमागे ७ रुपये निघाले. १६ चे ९ झाले. त्याला नफा वाटत होता, त्यातला जवळजवळ निम्मा त्या दोघींची न लिहिलेली मजुरी होती.

कायद्याच्या हिशेबात मालकाने काढलेले पैसे खर्चात धरत नाहीत. सीए सांगेल ते बरोबरच. पण आपल्या समजुतीच्या कागदावर घरच्यांची मजुरी आणि मालकाचा ठरावीक घरखर्च लिहिलाच पाहिजे. तो न लिहिल्याने दोन अनर्थ होतात. मुलाची फी, पाहुण्यांचा आहेर, दवाखाना सगळं गल्ल्यातून परस्पर जातं आणि किराणेवाल्याची उधारी वाढत राहते. आणि दुसरं म्हणजे, जिच्या कष्टावर हॉटेल उभं आहे तिला स्वतःलाही वाटत राहतं की आपण काही कमवत नाही. कामगारांची उचल पै-पैनिशी लिहायची आणि घरच्या बाईचं काम मात्र हवेत सोडायचं, याला हिशेब म्हणत नाहीत.

मग काम कसं करावं? पहिला महिना फक्त वही. विक्री, खरेदी, उचल, उधारी आणि घरखर्च असे पाच रकाने पुरेत. या महिन्यात आपल्याला नेमकं काय बघायचं असतं ते कळतं. मग यंत्र घ्यावं, पण दुसरा महिना वही आणि यंत्र दोन्ही चालवावीत आणि रोज ताडून बघावीत. विक्रेत्याला आलेखांचे रंग विचारू नयेत. इंटरनेट बंद पडलं तर बिल निघेल का, आणि उद्या तुमचं यंत्र सोडलं तर माझी माहिती मला एक्सेलमध्ये मिळेल का, हे विचारावं. रोख हाताळणारा एक आणि रात्री बेरीज ताडणारा दुसरा असावा. संशय म्हणून नव्हे, उलट संशयाला जागाच राहू नये म्हणून. आणि हिशेबाची एक प्रत हॉटेलच्या बाहेर हवी. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिलेत, दुतोंड्या मारुती बुडताना पाहिलाय, त्यांना गोदाकाठच्या दुकानांत वह्यांचं काय होतं ते सांगायला नको.

हे सगळं आत्ताच सांगण्याचं कारण सिंहस्थ. २०२७ च्या अमृतस्नानांच्या जाहीर झालेल्या तारखा आहेत २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर. तेवढ्यासाठी शेजारचा गाळा घ्यावा, टेबलं वाढवावीत, कर्ज काढावं, अशी चर्चा पंचवटीत ऐकू येते. २०१५ साली काय झालं ते आठवावं. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बॅरिकेड आणि बंदोबस्त एवढा होता की अपेक्षेइतके भाविक आलेच नाहीत, आणि माल भरून बसलेले व्यापारी हळहळले. समजा कर्जाचा हप्ता महिना १२ हजार आहे. प्लेटमागे १६ रुपये धरले तर ७५० जादा प्लेटी, म्हणजे रोजच्या २५. घरच्यांची मजुरी धरून ९ रुपये घेतले तर रोजच्या ४४-४५. पर्वणीच्या दिवशी त्या खपतील. पण पितृपक्षात, भर उन्हाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत? पंचवटीचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे दशक्रियेला आलेली मंडळी, सोमवारचे कपालेश्वराचे भाविक, बाजार समितीत माल घेऊन आलेला शेतकरी. त्यांच्या जोरावर रोजच्या ४५ प्लेटी वाढतील का, याचं उत्तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या वहीतच सापडतं. वही नसेल तर उरतो तो अंदाज, आणि अंदाजावर काढलेल्या कर्जाला घर तारण असतं.

साधू परत जातील, मंडप उतरतील, हप्ता मागे राहील. म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी महिनाभर रोज रात्री दहा मिनिटं काढावीत आणि गल्ल्यातले पैसे मोजताना स्वतःला विचारावं, यातले दूधवाल्याचे किती, सरकारचे किती, कामगारांचे किती, घरातल्या बाईचे किती? ज्याचे त्याला देऊन जे उरेल तेवढंच आपलं. वाढायचं असेल तर तेवढ्याच्या जोरावर वाढावं.