काडेपेटी जमा, पिस्तूल कमरेला

माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या फाटकावर आत जाणाऱ्याला खिसे रिकामे करावे लागतात. काडेपेटी, लायटर, मोबाइल सगळे बाहेर ठेवायचे. ‘मी विडी ओढत नाही, काडेपेटी देवघरासाठी घेतली आहे’ हे सांगून भागत नाही. आत ठिणगी पडली तर काय होते, हे या परिसराने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भारत पेट्रोलियमच्या हायड्रोक्रॅकर विभागात झालेल्या स्फोटाच्या वेळी पाहिले आहे. त्यामुळे धोक्याची वस्तू कोणाच्या खिशात आहे आणि ती इथे कशाला, हे दोन प्रश्न फाटकावर रोज विचारले जातात आणि त्यात कोणाला अपमानही वाटत नाही. फाटकाबाहेरच्या मुंबईत पिस्तूल बाळगणाऱ्याला मात्र हे प्रश्न विचारले जातात ते रक्त सांडल्यावर.

८ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री ते असेच विचारले गेले. बोरिवलीच्या आयसी कॉलनीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर मॉरिस नोरोन्हाने फेसबुकवरचे थेट प्रक्षेपण चालू असतानाच गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःलाही संपवले. या प्रकरणाच्या राजकारणावर भरपूर बोलले गेले. तपासावर घोसाळकर कुटुंबाचे आक्षेप होते आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तो सीबीआयकडे सोपवला. आम्हाला आज बोलायचे आहे ते त्या पिस्तुलाबद्दल. ते गावठी कट्टा नव्हते. नोरोन्हाच्या अंगरक्षकाच्या नावावर, उत्तर प्रदेशात रीतसर परवाना घेऊन खरेदी केलेले ते हत्यार होते. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्या परवान्याची मुंबई पोलिसांकडे नोंद नव्हती आणि पिस्तूल नोरोन्हाच्या कार्यालयात ठेवलेले असे. अंगरक्षकाला शस्त्र कायद्याच्या कलम २९ आणि ३० खाली अटक झाली. कलम २९ दुसऱ्याच्या हाती शस्त्र देण्याबद्दलचे आणि ३० परवान्याच्या अटी मोडण्याबद्दलचे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण परवाना मिळाला म्हणजे कुठेही, कसेही फिरायला मोकळे, अशी समजूत परवानाधारकांत सर्रास आढळते. १९५९चा शस्त्र कायदा परवाना देतो तो ठरावीक माणसाला, ठरावीक शस्त्रासाठी, ठरावीक क्षेत्रापुरता आणि ठरावीक मुदतीचा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. परवानाधारक शस्त्रासह दुसरीकडे राहायला गेला आणि तिथला मुक्काम तीस दिवसांच्या वर गेला, तर दोन्हीकडच्या परवाना अधिकाऱ्यांना कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. जिल्ह्यात तो अधिकारी जिल्हाधिकारी असतो, मुंबईत पोलीस आयुक्त. आणि सार्वजनिक जागी शस्त्र न्यायचे तर २०१६चे नियम सांगतात की ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि थेट स्वतःच्या ताब्यात असले पाहिजे. परजणे तर साफ मना. म्हणजे शस्त्र झाकून बाळगणे ही आपल्याकडे परवान्याने मिळणारी मुभा नाही, सक्ती आहे. शर्टाचे टोक मुद्दाम वर सरकवून चहाच्या टपरीवर उभा राहणारा कार्यकर्ता नियम मोडत असतो. त्याला कोणी हटकल्याचे मात्र आमच्या पाहण्यात नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. तिथे शस्त्र हा घटनेने दिलेला हक्क. ते अंगावर लपवून नेण्याचे नियम राज्याराज्याचे वेगळे, आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना डेलावेअर नदीचा पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरला की निरुपयोगी ठरतो. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल बाळगून फिरायचे तर तशी खास गरज दाखवण्याची शंभरेक वर्षांची जुनी अट होती. ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात मोडीत काढली. निम्म्याहून अधिक राज्यांत आता परवान्याचीही गरज उरलेली नाही. आपण हा रस्ता जाणूनबुजून नाकारला आहे. इंग्रजांनी १८७८च्या कायद्याने देश निःशस्त्र केल्याची चीड ताजी होती, तेव्हा संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली होती. असा सरसकट हक्क गुन्हेगारालाही मिळेल, या मुद्द्यावर डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. अमेरिकेसारखा हक्क आपल्या घटनेत नाही, याची आठवण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही करून दिली आहे. आपल्याकडे एकच केंद्रीय कायदा आहे, राज्याराज्यांची भानगड नाही. तरीही एका जिल्ह्याच्या दप्तरातला कागद आणि पंधराशे किलोमीटरवरच्या उपनगरातले पिस्तूल यांची गाठ पडली ती पंचनाम्यात.

ही गाठ आधी का पडत नाही, याचे उत्तर सुरक्षारक्षकांच्या बाजारात आहे. समजा, माहुलच्या एखाद्या वसाहतीत भाड्याच्या खोलीत राहणारा रक्षक मुलुंडच्या सराफाकडे बंदूक घेऊन उभा राहतो. परवाना त्याच्या गावाकडचा, त्यावर कारण आत्मसंरक्षणाचे, पण पगार मिळतो दुसऱ्याच्या संरक्षणाचा. बंदूक आहे म्हणून चार पैसे जास्त मिळतात. नोंदणीला गेला तर पन्नास प्रश्न आणि दोन दिवसांचा खाडा. मालकालाही कागद तपासायची घाई नसते. आणि बंदूक खरोखर कोणाच्या ताब्यात राहायची, हे रक्षक ठरवत नाही, पगार देणारा ठरवतो. घोसाळकर प्रकरणात झाले ते हेच, अशी पोलिसांचीच मांडणी आहे. उद्या त्या गरीब रक्षकाला तेवढे पकडून प्रश्न सुटला असे कोणी म्हणणार असेल, तर ते आम्हाला मान्य नाही. त्याला नोकरीवर ठेवणाऱ्याने परवाना पाहिला होता का, हे विचारायला हवे.

वरच्या मजल्यावरची गोष्ट फार वेगळी नाही. बोरिवलीच्या आधी सहाच दिवस, २ फेब्रुवारीला, उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनातच गोळीबार झाला. त्यात तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. पोलीस ठाण्याच्या दारात साहेबांची कंबर तपासायची पद्धत नाही. माहुलच्या फाटकावर ती आहे. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला जुहूत अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायात शिरली. हा निव्वळ अपघात होता, पण शस्त्र घरात कसे ठेवावे याचे साधे प्रशिक्षण किती परवानाधारकांनी मनापासून घेतले असेल, हा विचार त्या दिवशी अनेकांच्या मनात आला असेल.

बीडमध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर पिस्तुले नाचवणाऱ्यांच्या चित्रफिती फिरू लागल्या, तेव्हा कळले की त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने आहेत. मग घाईघाईने शंभरावर रद्द झाले. ते रद्द करण्याजोगे होते तर दिले कोणी, आणि दर नूतनीकरणाला शेरा कोणी मारला? पुण्यात पोलिसांनी नाकारलेला परवाना २०२५ मध्ये गृहराज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केला. अर्जदार फरार गुंडाचा भाऊ निघाल्यावर गदारोळ झाला. अर्जदारावर तेव्हा गुन्हा प्रलंबित नव्हता, हा खुलासा वस्तुस्थितीला धरून असेलही. तरी ठाण्यापासून आयुक्तापर्यंतचा अभिप्राय एका सहीने पुसता येतो, हे कायद्याच्या चौकटीत बसले म्हणून शहाणपणाचे ठरत नाही.

गंमत अशी, की निवडणूक जाहीर झाली की छाननी समितीने सांगितलेली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत मिळतात. मधले काही आठवडे ज्यांच्या ‘जिवाला धोका’ असतो ती मंडळी हत्याराविना गल्लोगल्ली प्रचार करत हिंडतात. परवान्याच्या अर्जातला धोका खरा किती आणि रुबाब किती, हे तपासायला याहून सोपी संधी दुसरी नाही. नूतनीकरणाच्या वेळी ती वापरावी.

मुंबई पोलिसांकडून आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक ठाण्याच्या हद्दीत चालू परवाने किती, बाहेरच्या राज्यांतून आलेले आणि नोंदलेले किती, गेल्या वर्षात निलंबित किती झाले, एवढे आकडे ठाण्याच्या फलकावर लावावेत. नावे नकोत, कोणाच्या घरी बंदूक आहे हे चोराला कळू नये, हे आम्हालाही समजते. सशस्त्र रक्षक ठेवणाऱ्या सराफाने, बिल्डरने, पुढाऱ्याने त्या रक्षकाचा परवाना आपल्या जबाबदारीवर नोंदवून घ्यावा. अपिलात पोलिसांचा नकार फिरवायचा असेल तर मंत्र्यांनी कारणे लिहावीत आणि ती खुली करावीत.

आणि विधिमंडळाने केंद्राला एक पत्रही लिहावे. वाहन चालवण्याचा परवाना नसताना गाडी चालवली तर आज पाच हजार रुपये दंड होतो. शस्त्र परवान्याची अट मोडली तर कलम ३० खाली कमाल शिक्षा सहा महिने कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. त्या दंडाची कमाल रक्कम दोन हजार रुपये आहे.