कण्हेरीवर कुऱ्हाड कशाला?

मे २०२४ मध्ये केरळातील त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम मंडळांनी नैवेद्यात व प्रसादात कण्हेरीची फुले वापरण्यास मनाई केली. एका तरुणीच्या मृत्यूचा संबंध कण्हेरीचे पान चघळण्याशी जोडला गेला, त्यानंतरचा हा निर्णय. तो उचितच होता. प्रसाद तोंडात जातो. तेथे विषारी पाकळीला थारा असता कामा नये. पूजेला मात्र ही फुले वर्ज्य ठरविली गेली नाहीत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी लक्षात घेतली नाही. परवा एका परिचितांनी कुंपणाची जुनी कण्हेर मुळासकट उपटून टाकल्याचे मोठ्या समाधानाने सांगितले. आम्हांला खेद वाटला.

कण्हेर विषारी आहे हा काही नवा शोध नाही. अमरकोशात तिला 'हयमारक', म्हणजे घोड्याला मारणारी, असे नावच आहे. हे ठाऊक असूनही आपल्या पूर्वजांनी तिला शंकराच्या पूजेत स्थान दिले आणि गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून कुंपणाला लावले.

खाऱ्या वाऱ्यापुढे आपल्या किनाऱ्यावर गुलाबाचा टिकाव लागत नाही. कण्हेरीचे पान जाड, चामड्यासारखे. त्याची श्वसनरंध्रे खालच्या बाजूस केसाळ खळग्यांत दडलेली, त्यामुळे ओलावा सहजासहजी उडत नाही. वाळूत ती रुजते, वैशाखात पाणी घालण्यास खंड पडला तरी कुरकुर करीत नाही, आणि बाराही महिने हिरवी राहते. १९४५ च्या अणुबॉम्बनंतर होरपळलेल्या हिरोशिमात प्रथम फुलली ती हीच, म्हणून त्या नगरीने तिला आपले अधिकृत फूल मानले. अशा झाडाच्या जागी आपण काय उभे करतो? चिऱ्यांची भिंत, आणि तिच्या माथ्यावर काचांचे तुकडे!

लावायची तर रीतीने लावावी. वीत-दीड वीत लांबीची पक्व फांदी पावसाच्या प्रारंभी, भरपूर उन्हाच्या आणि पाणी न तुंबणाऱ्या जागी रोवावी. शाळेच्या आवारात, गोठ्यालगत किंवा विहिरीच्या काठी ती नको. छाटणी करताना चीक डोळ्यांत वा जखमेत जाऊ देऊ नये. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, धूरही अपायकारक असतो. ओल्या पाल्याकडे पाठ फिरवणारे जनावर वाळलेला पाला खाऊन बसते, आणि वाळल्याने विष जात नाही. तेव्हा तो खड्ड्यात पुरावा. पिवळी कण्हेर म्हणतात ती बिट्टी, झाड निराळे. पण तिच्या बिया मुले खेळायला घेतात आणि त्याही तितक्याच घातक.

आमच्या परिचितांच्या कुंपणाची जागा अद्याप मोकळी आहे. पहिल्या पावसात आमच्या घरच्या चार फांद्या पाठवू, असे आम्ही त्यांना कळविले आहे. गोठा त्यांच्याकडे नाही, नातवंडे मात्र आहेत. तेव्हा फांद्या रोवताना त्या मुलांनाही जवळ बोलावून हे पान तोंडात घालायचे नाही, एवढे सांगावे लागेल.