खाजकुइलीचे बी आणि दोन पॅथींचे भांडण

घरातील कर्त्या माणसाच्या हातातला चहाचा कप एके दिवशी बशीवर वाजू लागतो. अक्षर बारीक होत जाते, चाल मंदावते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात. निदान होते पार्किन्सन्सचे, म्हणजेच वैद्यांच्या भाषेतील कंपवाताचे. पाठोपाठ घरात दोन तट पडतात. एकाला ‘इंग्रजी’ गोळ्यांचे भय, तर दुसऱ्याच्या लेखी आयुर्वेद म्हणजे निव्वळ झाडपाला. या वादात रुग्णाचा मोलाचा काळ वाया जातो. दुर्दैव असे की, दोन्ही तटांच्या हाती मूलतः द्रव्य एकच असते!

सह्याद्रीच्या रानात खाजकुइलीचा वेल मुबलक आढळतो. शेंगेवरची लव अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो. आपल्या ग्रंथांत हीच कपिकच्छू वा आत्मगुप्ता. तिच्या बिया दुधात शिजवून, साल काढून शुद्ध करण्याची रीत जुनी आहे. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळा केला. तत्पूर्वी १९१३ मध्ये मार्कुस गुगेनहाइम यांना तो युरोपातील बाकल्याच्या शेंगांत सापडला होता. त्याचा उपयोग मात्र दोन्हीकडे कुणास उमगला नव्हता.

तो उमगला १९५७ मध्ये. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चेष्ट केलेले ससे लेव्होडोपाने पुन्हा हालते केले. हे रेसर्पिनही आपल्या सर्पगंधेचेच! मेंदूतील डोपामीन घटल्याने हा विकार जडतो, हे पुढे व्हिएन्नात सिद्ध झाले आणि १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे दिलेल्या लेव्होडोपाने रुग्ण चालते केले. डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि तेथे त्याचे डोपामीन होते. तो वाटेतच खर्ची पडू नये म्हणून गोळीत कार्बिडोपाची जोड असते. त्यामुळे कमी मात्रा पुरते, मळमळही घटते.

बियांच्या चूर्णाचीही परीक्षा झाली आहे. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य यांच्या गटाने १९७८ मध्ये, तर भारतातील अनेक केंद्रांनी मिळून १९९५ मध्ये साठ रुग्णांवर ते वापरून पाहिले, लाभ दिसला. २००४ मध्ये लंडनमधील आठ रुग्णांत चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि अधिक वेळ टिकला. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सोळा आठवड्यांच्या एका चाचणीत चौदापैकी निम्म्या रुग्णांनी पोटाच्या तक्रारींमुळे वा लक्षणे बळावल्याने चूर्ण मध्येच सोडले. या चाचण्या लहान आहेत; त्यांवर विजयोत्सव साजरा करता येत नाही.

अडचण बियांच्या गुणाची नसून मापाची आहे. गोळीत किती लेव्होडोपा आहे, हे वेष्टनावर छापलेले असते. बाजारातील चूर्णाच्या डबीत ते प्रमाण जमीन, वाण आणि प्रक्रियेनुसार बदलते. चालू गोळीत त्याची गुपचूप भर घातली तर मात्रा दुप्पट होऊन अंग आपोआप हलू लागते, भास होऊ शकतात. गोळी अचानक थांबवली तर शरीर ताठरते, प्रसंगी प्राणावर बेतते. शिवाय गोळी असो वा बी, दोन्ही लक्षणे आवरतात. रोगाची वाटचाल थांबवतात, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

आयुर्वेदाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण अभिमान म्हणजे परीक्षेतून सवलत नव्हे. आपल्या कुंपणावरच्या बीचे प्रमाणीकरण आपणच करायचे, मोठ्या चाचण्या आपणच घ्यायच्या आणि डबीवर मात्रा छापण्याचा आग्रह आपणच धरायचा. तोवर कुटुंबीयांनी एवढे पथ्य पाळावे: वैद्यांना गोळ्या दाखवाव्यात, डॉक्टरांना चूर्ण दाखवावे आणि दोघांपासून काहीही लपवू नये. थरथरणाऱ्या हाताला पॅथीचा झेंडा नको असतो. त्याला कप न सांडता ओठांपर्यंत न्यायचा असतो.