विंचू, एक जुनी गोळी आणि सायटेशनचा हिशेब

दरवर्षी पावसाळा संपता संपता एक बातमी हमखास छापून येते. 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्या अमुक प्राध्यापकांचा समावेश.' अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ही यादी तयार करतात. मग सत्कार होतो, पेढे वाटले जातात. त्यात वावगे काहीच नाही. पण अशीच एक बातमी वाचून माझ्या वॉर्डातल्या एका निवासी डॉक्टरने राउंड चालू असताना विचारले, "सर, या यादीत यायला नेमकं काय करावं लागतं?" मी सांगितले, "तुझ्या शोधनिबंधांचा दाखला इतरांनी त्यांच्या निबंधांत किती वेळा दिला, हे त्यात मोजतात." तो म्हणाला, "म्हणजे पेशंटचं काय झालं ते मोजत नाहीत?"

राउंड पुढे सरकला, पण प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधताना मला आपल्याच मराठवाड्यात जन्मलेल्या एका डॉक्टरांचे उदाहरण आठवले.

आधी हे मोजमाप समजून घेऊ. कोणताही शोधनिबंध लिहिताना, आपण आधीच्या कोणाकोणाच्या कामावर उभे आहोत हे शेवटी नमूद करावे लागते. असा प्रत्येक दाखला म्हणजे एक सायटेशन. अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली या दाखल्यांची पद्धतशीर सूची काढायला सुरुवात केली. हेतू साधा होता. एखादी कल्पना पुढे कुठे कुठे गेली हे शोधता यावे आणि ग्रंथालयांना कोणती जर्नल्स घ्यावीत हे कळावे. २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-इंडेक्स' सुचवला. तुमच्या किमान वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस दाखले मिळाले असतील, तर तुमचा एच-इंडेक्स वीस. एका आकड्यात माणसाचे आयुष्यभराचे काम बसवण्याची सोय झाली, आणि निवड समित्यांना अशी सोय हवीच असते.

आता ते डॉक्टर. डॉ. हिंमतराव बावस्कर. जन्म जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेडचा. नागपुरातून एमबीबीएस झाल्यावर १९७६ च्या सुमारास ते कोकणात, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचू फार. विंचू चावलेली माणसे, विशेषतः लहान मुले, काही तासांत दगावत. तोंडाला फेस येई, श्वास लागे आणि खेळ संपे. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी साचते हे मुंडले यांनी १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नोंदवून ठेवले होते. पण ते का होते आणि थांबवायचे कसे, याचे उत्तर नव्हते. अॅट्रोपिन, स्टेरॉइड, गुंगीची इंजेक्शने, जे हाताशी असेल ते दिले जाई.

बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून बघितले आणि लिहून ठेवले. दंशानंतर उलटी, अंगभर घाम, तोंडाला लाळ आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे ज्याला दिसतात, त्याचे हृदय पुढच्या काही तासांत धोक्यात येणार आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. हे निरीक्षण १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. पुढचा प्रश्न उपचाराचा होता. विंचवाचे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे उघडे धरून ठेवते. शरीरात अॅड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडून थकते आणि पाणी फुप्फुसात उतरते. म्हणजे आकसलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध हवे. असे औषध बाजारात होतेच, रक्तदाबासाठी: प्राझोसिन. साधी, स्वस्त गोळी. ती तोंडाने देता येते, त्यासाठी अतिदक्षता विभाग लागत नाही. १९८६ मध्ये डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी प्राझोसिनचा अनुभव 'लॅन्सेट'मध्येच मांडला. पान ५१० आणि ५११, बस्स. गंभीर दंशातले मृत्यूचे प्रमाण पूर्वी ३० ते ४० टक्के सांगितले जाई. प्राझोसिननंतर ते एका टक्क्याच्या आसपास आल्याचे बावस्करांनी नोंदवले आहे.

मी ही गोळी पहिल्यांदा पाहिली ती इंटर्न असताना, नव्वदच्या दशकात. ऊसतोड कामगारांच्या पालावरून सात-आठ वर्षांचा मुलगा आला होता. अंगाला दरदरून घाम, हात बर्फासारखे, नाडी लागत नव्हती. मी घाबरलो होतो. आमच्या वरिष्ठांनी शांतपणे खिशातल्या डायरीतून घडी घातलेला झेरॉक्स काढला, मात्रा बघितली आणि गोळी पाण्यात विरघळवून पाजायला सांगितली. "याला उठू देऊ नका, आडवाच ठेवा," एवढेच म्हणाले, कारण या गोळीने उभे राहताना रक्तदाब एकदम पडू शकतो. पहाटे मुलाचे हात गरम झाले. तो झेरॉक्स म्हणजे 'लॅन्सेट'मधली तीच दोन पाने होती. आमच्या वरिष्ठांनी त्यावर कधी निबंध लिहिला नाही. म्हणजे त्या रात्रीचा, त्या मुलाचा दाखला जगातल्या कोणत्याही सूचीत नाही.

इथे मला मोजमापाची पहिली अडचण दिसते. सायटेशन कोण देतो? निबंध लिहिणारा. त्यामुळे एखाद्या विषयात संशोधक किती आहेत यावर दाखल्यांची संख्या ठरते, रुग्ण किती आहेत यावर नाही. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्येच हृदयविकाराच्या झटक्यावरची 'आयसिस-२' ही चाचणी छापली गेली. १७,१८७ रुग्ण होते. अॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज जीव वाचवतात हे तिने सिद्ध केले. तिला हजारोंनी दाखले मिळाले आणि ते योग्यच आहे. आजही छातीत कळ घेऊन येणाऱ्या माणसाला आम्ही पहिल्यांदा अॅस्पिरिन चावायला देतो. पण हृदयविकार श्रीमंत देशांतही आहे, तिथे त्यावर हजारो लोक लिहितात. विंचू चावतो तो अनवाणी पायाला, कडब्याच्या गंजीत घातलेल्या हाताला, दगडमातीच्या घरात खाली झोपलेल्याला. त्यावर लिहिणारे मूठभर. त्यामुळे आकड्यांच्या शर्यतीत विंचू हृदयविकाराला कधीच गाठणार नाही. आणि एच-इंडेक्सचे गणित असे, की एखाद्याने आयुष्यात दोनच निबंध लिहिले आणि त्या दोन्हींनी जग बदलले, तरी त्याचा आकडा दोनच राहतो.

याचा अर्थ सायटेशन निरुपयोगी आहे असा नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतो. सरकारी दवाखान्यातले आम्ही लोक "आम्ही पेशंट बघतो, कागद रंगवत नाही" असे म्हणून आपला आळस झाकतो. बावस्करांनी ते निरीक्षण लिहिले नसते तर ते महाडपुरतेच राहिले असते. मुंडल्यांनी १९६१ मध्ये लिहिले, म्हणून त्यांच्या पुढचा प्रश्न कळला. लिहिले म्हणूनच तो झेरॉक्स मराठवाड्यात पोहोचला. आणि लिहिणाऱ्याला दुसरी एक शिस्त लागते, स्वतःचे तपासून बघण्याची. २०११ मध्ये बावस्कर दांपत्याने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आणखी एक चाचणी छापली. महाडचे ७० रुग्ण. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनसोबत विंचूविषावरची प्रतिलस. दहा तासांनी दुसऱ्या गटातले ३५ पैकी ३२ पूर्ण बरे झाले होते, नुसत्या प्राझोसिनच्या गटातले ३५ पैकी ८. ज्या गोळीने नाव मिळवून दिले तिलाच परीक्षेला बसवले आणि तिच्या जोडीला आणखी काही हवे, असा निकाल स्वतःच जाहीर केला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण माझ्या लेखी त्यांचा मोठेपणा या चाचणीत आहे.

दुसरी अडचण आमच्या घरातली आहे. वैद्यकीय महाविद्यालयात बढतीसाठी शोधनिबंध लागतात. २०१५ साली तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने मूळ संशोधनपर निबंधच मोजायचे ठरवले. एका रुग्णाचा वृत्तांत, छोटे टिपण यांना त्यात जागा उरली नाही. पुढे नियम थोडे सैल झाले, पण मोजणी राहिली. १९८६ ची ती दोन पाने आज बढतीच्या अर्जाला जोडली, तर ती कोणत्या रकान्यात बसवायची यावरच खल होईल. आणि जिथे मोजणी असते तिथे माल पुरवणारे येतात. माझ्या नावावर अकरा निबंध आहेत. त्यातले तीन मी बढतीची तारीख जवळ आली म्हणून घाईने लिहिले आणि फी भरून छापून आणले. ते कोणी वाचले असतील असे मला वाटत नाही. त्यांनी एकाही रुग्णाचा उपचार बदलला नाही, माझ्या हाताखालचासुद्धा. नियमाने मात्र ते पूर्ण मोजले गेले. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण माझ्या वयाच्या डॉक्टरांपैकी मी एकटा नाही.

दरम्यान, लिहिण्यासारखे काय पडून आहे? नांदेड-लातूरच्या कोणत्याही मेडिसिन वॉर्डात चाळिशीच्या आतले हृदयविकाराचे रुग्ण येत असतात. किनवट-माहूरचा माणूस कळ आल्यापासून किती तासांनी नांदेडला पोहोचतो? निलंग्याचा, उदगीरचा लातूरला कधी? वाटेत कोणी ईसीजी काढला का, अॅस्पिरिन दिली का, रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन वेळेत मिळाले का? हे प्रश्न लंडनला कोणी सोडवणार नाही. उत्तरे आमच्या केसपेपरांवर आहेत, आणि ते केसपेपर गठ्ठ्यांत बांधून रेकॉर्ड रूममध्ये पडले आहेत. असा निबंध निघाला तर त्याला दहासुद्धा दाखले मिळणार नाहीत. पण त्यावरून कोणत्या तालुक्याला ईसीजी मशीन आणि रात्रपाळीचा डॉक्टर आधी द्यायचा हे ठरवता येईल.

म्हणून माझे म्हणणे असे. आकडे असू द्या, पण निवड समितीने उमेदवाराकडून एक पान लिहून घ्यावे: तुम्ही स्वतः काय पाहिले, काय तपासले आणि त्यामुळे कोणाचा उपचार कुठे बदलला. त्याचा एक निबंध, त्याने निवडलेला, समितीने खरोखर वाचावा. छोट्या वृत्तांताला, जिल्ह्याच्या माहितीवर केलेल्या साध्या कामाला मान द्यावा. अशी मागणी जगभर होते आहे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ठरलेला संशोधन मूल्यमापनाचा जाहीरनामा हेच सांगतो, की जर्नलच्या आकड्यावरून माणसाची परीक्षा करू नका.

वाचकांसाठी एक गोष्ट. विंचू चावल्यावर जागा कापू नका, जाळू नका, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. नुसते दुखत असेल तर बहुधा भीती नसते. पण उलटी, घाम, लाळ, हातपाय गार पडणे दिसले, आणि रुग्ण लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही न बघता, तडक जवळचा सरकारी दवाखाना गाठा. तिथे "प्राझोसिन आहे का?" असे विचारायला लाजू नका.

त्या निवासी डॉक्टरला मी या महिन्यापासून एक रजिस्टर दिले आहे. छातीत कळ घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाचे गाव, कळ आल्याची वेळ आणि दवाखान्यात पोहोचल्याची वेळ. तीन रकाने. यादीत येण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही, हे मी त्याला आधीच सांगितले आहे.