करड्या छटांचे वाचन

जुने कृष्णधवल छायाचित्र रंगाची साक्ष देते, हा समज आम्हांस तपासून पाहण्याजोगा वाटतो. दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या कॅमोफ्लाजचे रंग छायाचित्रांवरून ठरवू पाहणाऱ्या अभ्यासकांचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे.

छायाचित्रात उरते ती केवळ उजेड-अंधाराची प्रतवारी. आणि तीही फिल्म व भिंगापुढील फिल्टर यांवर अवलंबून. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे ब्रिटिश विमानांच्या वर्तुळाकार चिन्हातील तांबडा मध्य तीत काळवंडतो, निळे कडे फिके पडते आणि बाहेरचे पिवळे कडे काळसर भासते. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तेच पिवळे कडे सहसा उजळ दिसते. म्हणून जाणता अभ्यासक आधी या चिन्हाकडे पाहतो. त्याचे रंग ठाऊक असल्याने फिल्मचा अंदाज बांधता येतो. शेजारच्या अज्ञात छटेचा विचार त्यानंतरचा.

तरीही प्रश्न सुटतोच असे नाही. जून 1940 मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांचा तळभाग ‘स्काय’ या फिकट हिरवट रंगाने रंगविण्याचा आदेश निघाला. रंगाचा पुरवठा अपुरा पडला आणि ठिकठिकाणी हाताशी असलेल्या रंगांच्या मिश्रणातून निळसर-हिरवट छटा तयार झाल्या. छायाचित्रात त्या सगळ्या सारख्याच फिक्या. तेथे आदेश, रंगांचे नमुने, अवशेषांवरील थर आणि प्रत्यक्षदर्शींचे शब्द एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. यांतले एकही साधन निर्दोष नाही: आदेश म्हणजे अंमल नव्हे, थर उन्हापावसाने बदलतो, स्मृतीही बदलते.

आज संगणक क्षणार्धात असे चित्र रंगीत करून देतो. पाहणाऱ्यास तो रंग पुरावा वाटतो. वस्तुतः ते अनुमान असते आणि तशी खूण त्यावर नसते. पुढे तेच चित्र दुसऱ्या कुणाचा आधार होते. पाठचिकित्सेत संपादकाने आपली दुरुस्ती मूळ पाठात बेमालूम मिसळावी, तसाच हा प्रमाद आहे. संहिता तुटली असेल तेथे आपण जागा मोकळी सोडतो व तर्क तळटीपेत देतो. वर्गात चित्रे दाखविताना मात्र हा दंडक आपण अध्यापकही विसरतो.

रंग भरूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक रंग आदेशातून आला, अवशेषातून की निव्वळ तर्कातून, एवढे चित्राखाली नमूद असावे. ज्याला ते नमूद करता येत नसेल, त्याने तेवढा भाग करडाच ठेवावा.