अर्धशिशी : तिची आणि त्याची



शिरूरच्या बाजारपेठेतील एक घर डोळ्यांपुढे आणा. चातुर्मासाचे दिवस आहेत. सुनेचे अर्धे डोके सकाळपासून ठणकते आहे, मळमळते आहे, उजेड सहन होत नाही; तरी स्वयंपाक तिनेच उरकला. 'बायकांचे हे नेहमीचेच' एवढ्यावर घरातील चर्चा संपली. त्याच दिवशी तिचा दौंडचा भाऊ पहाटेच्या गाडीने पुण्याला जाऊन, खरेदी आटोपून परतला आणि कपाळाला बाम चोळून गल्ल्यावर बसला. विचारले तर म्हणतो, 'पित्त झाले आहे.' हे चित्र कल्पनेतील असले, तरी अनेकांना ते आपल्याच घरचे वाटेल. दोघांची व्याधी एकच आहे, आणि दोघांच्याही घरात तिचे नाव उच्चारले गेलेले नाही.

ती व्याधी म्हणजे अर्धशिशी, अर्थात मायग्रेन. उपचार न केल्यास तिचा झटका 4 ते 72 तास टिकू शकतो. डोके बहुधा एका बाजूला ठणकते, हालचालीने वेदना वाढते, आणि जोडीला मळमळ किंवा प्रकाश व आवाज यांचा त्रास असतो. काहींना आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात. ही पूर्वसूचना होय. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील तज्ज्ञांनी कर्नाटकात केलेली पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रौढांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला वर्षभरात हा त्रास झाल्याचे, आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक असल्याचे तीत आढळले. जगभरात स्त्रियांतील प्रमाण पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट मानले जाते.

हा भेद जन्मापासूनचा नाही. लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात फारसा फरक नसतो. वयात आल्यावर तो वाढतो. पाळीच्या सुमारास शरीरातील एस्ट्रोजेन हे संप्रेरक झपाट्याने घटते. म्हणून पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत अनेकींना झटका येतो, आणि तो अधिक लांबतो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात पुष्कळ जणींना आराम पडतो. पाळी जाण्याच्या काळात त्रास वाढू शकतो, नंतर तो बहुधा ओसरतो. तेव्हा सुनेची वेदना हा बहाणा नव्हे; तिला शरीरशास्त्राचा आधार आहे.

पुरुषांत झटके तुलनेने कमी आणि थोड्या अवधीचे असतात, परंतु म्हणून ते सौम्य असतात असे नाही. पुरुष वैद्याकडे कमी जातात, त्यामुळे निदान राहून जाते. दौंडच्या त्या भावाचा दिनक्रम पाहा : सूर्यास्तापासून चौविहार, अपुरी झोप, पहाटेची गाडी, आणि दुपारपर्यंत पोटात काही नाही. उपाशीपणा, पाण्याची कमतरता आणि जागरण ही तिन्ही कारणे झटक्याला आमंत्रण देणारी आहेत. चौविहारापूर्वी पुरेसे पाणी पिणे आणि नवकारशीनंतर गाडीतच सोबतच्या डब्यातले चार घास खाणे, एवढ्याने व्रतही पाळले जाते आणि डोकेही शांत राहते.

तपश्चर्येच्या काळात दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी. पर्युषणात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. पूर्वसूचनेसह अर्धशिशी असलेल्या स्त्रियांत एस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून कोणतीही संप्रेरकाची गोळी घेण्यापूर्वी आपल्या डोकेदुखीची माहिती डॉक्टरांना द्यावी. दुसरे, अठ्ठाईसारख्या दीर्घ तपाचा संकल्प करण्याआधी महाराजसाहेबांप्रमाणे डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा. उपवासाच्या पचक्खाणात समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेला आहे. पूर्वजांनी देहाची मर्यादा ओळखली होती. आपणही ती ओळखण्यात संकोच कसला?

वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेकही टाळावा. साध्या गोळ्या महिन्यातून 15 दिवस, किंवा मिश्र गोळ्या 10 दिवस, अशा सलग काही महिने घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडते. वारंवार झटके येत असतील, तर ते आधीच रोखणारी औषधे उपलब्ध आहेत. डोकेदुखी विजेसारखी अचानक उसळली, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झाली, किंवा तिच्याबरोबर हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे अथवा तापासह मान ताठरणे दिसले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

आपण व्यापारी माणसे. रोजमेळ लिहिल्याशिवाय आपला दिवस मावळत नाही. तशीच एक छोटी वही डोकेदुखीची ठेवावी. तारीख, वेळ, झोप, जेवण, घेतलेली गोळी, आणि भगिनींनी पाळीचा दिवस, एवढे तीन महिने नोंदवावे. डॉक्टरांना ती वही पुष्कळ काही सांगून जाईल.

आणि ज्या दिवशी घरातील सून डोके धरून बसेल, त्या दिवशी तिला अंधाऱ्या खोलीत दोन तास निवांत पडू द्यावे, चुलीपुढे दुसऱ्या कुणी उभे राहावे. भाऊ 'पित्त' म्हणाला, तर त्यालाही पुन्हा एकदा प्रेमाने विचारावे. अहिंसा आपल्या उंबरठ्याच्या आत सुरू होते.